समुद्रलांडग्यांच्या टोकाची प्रदक्षिणा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे सव्वाशे मैलांवर, कार्मेल नावाचे एक टुमदार गाव आहे. त्या गावापासून आणखी तीनेक मैल खाली गेले की जमिनीचा एक वेडावाकडा तुकडा पॅसिफिक महासागरात घुसलेला दिसतो. नकाशात त्याचे नाव पॉइंट लोबॉस. हे नाव अर्धे इंग्रजी आणि अर्धे स्पॅनिश आहे, आणि मूळचे पूर्ण नाव याहून रसाळ होते. ‘पुंता दे लोस लोबोस मारिनोस’, म्हणजे समुद्रलांडग्यांचे टोक. लांडगे इथे कोणी पाहिले नव्हते. टोकापुढच्या खडकांवर समुद्रसिंहांचे कळप उन्हाला पडलेले असतात, आणि त्यांचे भुंकणे रात्रंदिवस चालू असते. गलबतावरून जाणाऱ्या स्पॅनिश खलाशांनी आधी तो आवाज ऐकला आणि मग नाव ठेवले. आजही तिथे जाणाऱ्याला प्राणी दिसण्यापूर्वी आवाजच ऐकू येतो, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांचे कान तिखट होते यात संशय नाही.

या टोकाभोवती एक पायवाट आहे. किनाऱ्याच्या कडेने निघावे, सायप्रसच्या राईतून, खडकांवरून, गवताळ माळावरून फिरावे आणि शेवटी पाइनच्या बनातून पुन्हा निघाल्या जागी यावे. सगळी मिळून सहा-सात मैलांची चाल. आपल्याकडे प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. ही वाट उत्तरेच्या खाडीपासून पश्चिमेकडे धरली, तर निम्म्याहून अधिक वाटभर समुद्र उजव्या हाताला राहतो. म्हणून आम्हीही तीच दिशा धरू. देखाव्याविषयी फारसे लिहिणार नाही. ते काम चित्रकारांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी पुरेपूर केले आहे. एडवर्ड वेस्टन या प्रख्यात छायाचित्रकाराने तर इथल्या दगडधोंड्यांची, मुळांची आणि वाळूची इतकी चित्रे टिपली की पुढे एका लहानशा किनाऱ्याला त्याचेच नाव पडले. आमचा विषय निराळा. या सुंदर जागेवर माणसांनी काय काय केले, आणि इतके सगळे करूनही ती उरली कशी, हा आमचा विषय आहे.

वाट सुरू होते तिथे एक बंदिस्त, शांत खाडी आहे. बाहेर महासागर कितीही खवळलेला असो, आत पाणी हौदासारखे निवांत असते. अशी जागा कोळ्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. सर्वांत आधी ती सापडली रुमसेन लोकांना. ओलोनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी समाजाची ही एक शाखा. ते इथे कालवे-शिंपले गोळा करायला येत. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर अजून मातीत सापडतात. खडकांत कोरलेली उखळेही आहेत. त्यांत बायका ओकच्या झाडाची बोंडे कांडत. ज्यांच्या आजीच्या घरी जमिनीत पुरलेले उखळ असेल, त्यांना त्या खडकापाशी वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

१६०२ सालच्या मोहिमेत सेबास्तियान व्हिस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी या बाजूस आला. त्याच्याबरोबर कार्मेली पंथाचे धर्मगुरू होते, त्यांच्यावरून कार्मेल हे नाव रुजले. पण स्पेनने या किनाऱ्याकडे खरे लक्ष दिले ते दीडशेहून अधिक वर्षांनी. १७७१ मध्ये कार्मेल नदीच्या काठी मिशनची स्थापना झाली, आणि पाठोपाठ रुमसेन लोकांच्या जगण्याची घडी मोडली. मिशनची शिस्त, सक्तीची मजुरी आणि गोऱ्यांबरोबर आलेले रोग यांनी दोन-तीन पिढ्यांत गावेच्या गावे ओस पाडली. त्यांचे वंशज आजही त्या मुलुखात आहेत, पण उखळे मात्र तेव्हापासून रिकामी पडली ती पडलीच. पुढे मेक्सिकोची सत्ता आली. १८३९ मध्ये ही जमीन एका मोठ्या कुरणाच्या इनामात मोडली, आणि थोड्याच वर्षांत कॅलिफोर्निया अमेरिकेच्या हाती गेल्यावर त्या इनामाच्या हक्काविषयी दाव्यांवर दावे चालले. जमीन पत्त्यांच्या की फाशांच्या डावात हरली गेली अशीही एक दंतकथा आहे. कोर्टकचेऱ्या अशा पेटल्या होत्या की डावात हरली असती तरी फारसा फरक पडला नसता!

असो. खाडीच्या काठी एक लाकडी खोपटे उभे आहे. आता त्यात छोटेसे संग्रहालय आहे. हे खोपटे १८५० च्या दशकात चिनी कोळ्यांनी बांधले. जोत्यासाठी त्यांनी फरशीखाली देवमाशाच्या पाठीचे मणकेही ठेवले. ते आजही वाकून पाहता येतात. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर जगभरची माणसे डोंगरांकडे धावत सुटली, तेव्हा हे चिनी कुटुंबकबिले मात्र समुद्राकडे वळले. त्यांना इथे जे सापडले ते सोन्याहून फार कमी नव्हते. ॲबलोनी नावाचा, मोठ्या कानाच्या आकाराचा एक शिंपलेवाला जीव खडकांना घट्ट चिकटून राहतो. चीनमध्ये त्याच्या वाळवलेल्या मांसाला मोठा मान. आणि इथे तो खडकाखडकांवर थरांनी बसलेला! स्थानिक गोऱ्या लोकांना त्याचे काहीच वाटत नव्हते.

तो इतका का माजला होता, याचे कारण ऐकण्यासारखे आहे. या जिवाचा खरा शत्रू समुद्री पाणमांजर. पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडून खाणारा हा हुशार प्राणी पूर्वी या किनाऱ्यावर विपुल होता. परंतु त्याचे कातडे अतिशय दाट आणि मऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रशियन, स्पॅनिश, अमेरिकन अशा सर्व व्यापाऱ्यांनी त्या कातड्यांचा पाठलाग केला आणि गठ्ठेच्या गठ्ठे कँटनच्या बाजारात नेऊन विकले. पन्नास-साठ वर्षांत पाणमांजरे जवळजवळ नाहीशी झाली. खाणारा गेल्यावर खाद्य वाढले. म्हणजे चिनी श्रीमंतांच्या अंगरख्यांसाठी पाणमांजरे मेली, आणि त्यामुळे वाढलेले शिंपले गोळा करून चिनी गरिबांनी पुन्हा चीनलाच पाठवले. इतिहासाचे हिशेब कधी कधी असे विचित्र जुळतात.

या वस्तीत १८५९ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव क्वॉक मुई. त्या भागात जन्मलेल्या चिनी मुलींपैकी नोंद असलेली ही अगदी पहिली. शेजारीपाजारी आदिवासी, मेक्सिकन, पोर्तुगीज आणि अमेरिकन. त्यामुळे पोरीला पाच भाषा बोलता येऊ लागल्या, आणि स्पॅनिश इतकी अस्खलित की लोक तिला ‘स्पॅनिश मेरी’ म्हणत. शाळेचे तोंड न पाहता, खेळता खेळता पाच भाषा! आमच्या घरांतून एका इंग्रजीपायी मुलांचे जे हाल होतात ते पाहून ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या कोळ्यांपैकी बरेच जण पुढे माँटेरेजवळच्या मोठ्या चिनी वाडीत जाऊन राहिले. ती वाडी १९०६ च्या मे महिन्यात आगीत भस्मसात झाली, आणि जमीनमालकांनी तिथे पुन्हा घरे उभारू दिली नाहीत.

चिन्यांच्या शेजारी १८६२ मध्ये पोर्तुगीज आले. ॲझोर्स बेटांवरचे, देवमाशांची शिकार करणारे. हिवाळ्यात करड्या रंगाचे देवमासे उत्तरेकडून मेक्सिकोच्या उबदार पाण्याकडे जातात ते किनाऱ्याच्या अगदी जवळून. टेकाडावर एक जण टेहळणीला बसे. पाण्याचा फवारा दिसला की खाली खूण करी, आणि होड्या सुटत. मारलेला मासा खाडीत ओढून आणायचा, चरबी सोलून काढायची आणि मोठ्या लोखंडी कढयांत रात्रंदिवस कढवायची. त्या कढयाही तिथे मांडून ठेवलेल्या आहेत. त्या काळी या खाडीचा वास मैलभर येत असेल. हे तेल दिव्यांत जळे. मग जमिनीतून निघालेले खनिज तेल आले, रॉकेलचे स्वस्त दिवे घरोघर गेले, आणि देवमाशाच्या तेलाला कोणी विचारीना. १८७९ च्या सुमारास हा धंदा बसला. येत्या लक्ष्मीपूजनाला पणत्या लावताना वाचकांनी क्षणभर मनात आणावे, की एके काळी अर्ध्या जगाचे दिवे या मुक्या जनावरांच्या चरबीवर तेवत होते, आणि त्यांचा जीव वाचवला तो दयेने नव्हे, रॉकेलने.

त्याच खाडीच्या कडेने दगडाची खाणही चालली. आज जिथे मोटारी उभ्या करतात तिथेच ग्रॅनाइट फोडीत. आणि काही मैलांवरच्या दरीतून कोळसा निघे, तो इथे आणून घसरगुंडीने बोटींत भरीत. त्या जागेचे नाव अजून ‘कोल शूट पॉइंट’ असेच आहे. कोळसा हलका निघाला आणि कंपनीला फायदा होईना. तेव्हा १८९० मध्ये कंपनीने सर्वांत घातक योजना काढली. तिने या टोकाचे तुकडे पाडले. कागदावर रस्ते आखले, सुमारे हजार प्लॉट पाडले, गावाला नाव दिले आणि विक्री सुरू केली. कातडी, चरबी, दगड, कोळसा या सर्वांतून जी जागा तगली, ती आता हवा खाण्याच्या बंगल्यांपायी जायची वेळ आली. मुंबई-पुण्याच्या माणसाला याहून अधिक सांगायला नको. लोणावळा-खंडाळ्यापासून अलिबागपर्यंत कागदावरचे असे रस्ते आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

इथे गोष्टीत दोन माणसे येतात. पहिला अलेक्झांडर मॅकमिलन ॲलन, व्यवसायाने इंजिनिअर. १८९८ मध्ये त्याने इथली ६४० एकर जमीन विकत घेतली. दुसरा गेन्नोसुके कोदानी, जपानच्या चिबा प्रांतातून आलेला, समुद्रजीवांचा जाणकार. त्याने ॲबलोनीची समृद्धी पाहिली आणि आपल्या मुलखातून पाणबुडे बोलावले. पहिल्यांदा आलेले पाणबुडे नुसत्या अंगाने बुडी मारणारे होते. पण इथले पाणी बर्फासारखे गार, तेव्हा तो प्रकार चालेना. मग पितळी शिरस्त्राण आणि जाड पोशाख आला. वर होडीतल्या माणसांनी हाताने पंप मारून हवा पुरवायची आणि खाली पाणबुड्याने खडकांवरून शिंपले सोडवायचे. पंप थांबला की खालचा संपला, असा हिशेब. ॲलन आणि कोदानी यांनी भागीदारीत डबाबंद मासळीचा कारखाना काढला आणि तो १९२० नंतरही काही वर्षे चालला. मऊ होईपर्यंत बडवून तळलेले ॲबलोनीचे तुकडे माँटेरेच्या डोल्टर नावाच्या खानावळवाल्याने लोकप्रिय केले, तेव्हा कुठे गोऱ्या अमेरिकेला कळले की चिनी कोळी पन्नास वर्षे काय गोळा करीत होते!

आता वाट खाडी सोडून चढते आणि सायप्रसच्या राईत शिरते. या राईपाशी थांबलेच पाहिजे. माँटेरे सायप्रस हे झाड जगात स्वाभाविकपणे फक्त दोन ठिकाणी उगवते. एक हे टोक आणि दुसरे काही मैलांवरचे, खाडीपलीकडचे सायप्रस पॉइंट. एके काळी हवा अधिक थंड आणि ओलसर होती तेव्हा त्याचा विस्तार मोठा असावा. हवा तापत गेली तशी ही झाडे समुद्राच्या धुक्याला धरून कड्याच्या काठावर मागे सरकली. वाऱ्याने सगळी एका बाजूला वाकलेली, खोडे पिळलेली, मुळे ग्रॅनाइटच्या भेगांत रुतलेली. छायेतल्या सुकल्या फांद्यांवर केशरी मखमल चढल्यासारखी दिसते. ते एक प्रकारचे शेवाळ असते, आणि जातीने हिरवे असूनही अंगातल्या रंगद्रव्यामुळे केशरी दिसते. इतर झाडांवरून करड्या जाळीसारखे लोंबते ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतावळ्यातले. गंमत अशी, की जन्मभूमीत दोन राईंपुरते उरलेले हे झाड माणसाने बिया नेऊन न्यूझीलंडपासून आपल्या निलगिरीपर्यंत लावले, आणि तिथे ते चांगले सरळसोट वाढते. कोकणच्या वाळूत आपण ज्याला आपलेच समजतो तो सुरूही असाच बाहेरून आलेला. माहेरी वाकलेले आणि सासरी ताठ, अशी झाडांतही उदाहरणे असतात.

ॲलनने जमीन घेतली तेव्हा कार्मेल-माँटेरेकडचे लोक सहलीला इथेच येत. गाड्या थेट राईत घालायच्या, फांद्या मोडायच्या, चुली पेटवायच्या, असा परिपाठ. ॲलनने फाटक बसवले आणि येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे सर्वांत नाजूक राईत गाड्या नेण्याची बंदीच केली. आणि मुख्य म्हणजे त्याने आणि त्याची पत्नी सॅटी हिने विकले गेलेले प्लॉट एकेक करून परत विकत घ्यायला घेतले. मालक शोधायचा, पत्र लिहायचे, किंमत ठरवायची, दस्त करायचा. आणि हे एकदा नव्हे, तर वर्षानुवर्षे. यात कड्यावर उभे राहून तलवार उपसण्यासारखे काही नव्हते. सगळे काम टेबलाशी बसून, चिकाटीने करायचे. म्हणूनच आमच्या मते ते अधिक कठीण.

ॲलनला कोणी ऋषी समजू नये. तो व्यवहारी माणूस होता. कारखाना चालवी, फाटकावर पैसे घेई. पण कोणती गोष्ट विकायची आणि कोणती नाही, एवढे त्याला कळत होते. आणि कोदानीचे काय? १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून जपान्यांना शेतजमिनीची मालकी घेण्यास मनाई केली. ज्या किनाऱ्याची समृद्धी त्याने ओळखली त्या किनाऱ्यावर भागीदाराच्या शब्दावर राहणे, एवढाच त्याचा हक्क. ॲलनची परत घेतलेली जमीन आणि कोदानीचे डबे यांचा परस्परांशी काहीच संबंध नसेल, हे मानायला आमचे मन तयार नाही. एकाच खाडीतून दोघांची चूल पेटत होती. १९३० मध्ये दोघेही गेले. बारा वर्षांनी, महायुद्धात, या किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना घरेदारे सोडून वाळवंटातल्या छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली मुलेबाळेही होती.

ॲलनच्या हयातीतच या जागेकडे जाणत्यांचे लक्ष गेले होते. रेडवुडचे वृक्ष वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने पॉइंट लोबॉससाठी खटपट सुरू केली. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उद्यानांसाठी साठ लाख डॉलरचे कर्ज उभारायला मान्यता दिली. अट एवढीच, की तितकीच रक्कम लोकवर्गणीतून किंवा देणगीतून यावी. कोणत्या जागा घ्याव्यात याची पाहणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ज्युनिअर याने केली. न्यू यॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्याचा हा मुलगा. बापाने शहरात रान वसवले. लेकाने रानात फार काही करू नका असे सांगितले. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, ॲलनच्या वारसांनी सुमारे साडेतीनशे एकर जमीन सहा लाखांहून अधिक डॉलरला राज्याला दिली, आणि सायप्रसच्या राईचा १५ एकरांचा तुकडा आईबापांच्या स्मरणार्थ दान केला. आज राईतून जी पाऊण मैलाची गोल वाट फिरते ती याच दानाच्या जमिनीवरून.

राई ओलांडली की समुद्रलांडग्यांचे खडक येतात, मग दक्षिणेकडचा सपाट किनारा, गवताळ माळ आणि पाखरांचे बेट. वसंतात तिथे पाणकावळे इतके दाटीने घरटी करतात की दुरून खडकावर काळे ठिपके टोचून बसवल्यासारखे दिसतात. स्टीव्हन्सन १८७९ मध्ये माँटेरेला काही महिने राहिला होता, आणि त्याच्या ‘ट्रेझर आयलंड’मधली टेकडी इथलीच, असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. पुरावा पक्का नाही. परंतु अशा अभिमानाला पुरावा कशाला हवा? आमच्याकडेही पांडव ज्या गुहेत राहिले नाहीत अशी गुहा सापडणे कठीण. शेवटचा टप्पा पाइनच्या बनातून. इथे एकच सूचना: ‘विषारी ओक’ म्हणून तीन-तीन पानांचे एक झुडूप वाटेच्या कडेने असते, त्याला हात लावू नये. अंगावर असे फोड उठतात की सगळा इतिहास विसरायला होतो.

१९६० मध्ये राज्याने आणखी एक पाऊल टाकले. टोकाभोवतीची साडेसातशे एकरांहून अधिक जागा, सगळी पाण्याखालची, तीही राखीव केली. अशा तऱ्हेची ही देशातली अगदी पहिल्यांपैकी एक. आणि यात एक जुने पात्र परत आले होते. १९३८ मध्ये इथून दहा-बारा मैल दक्षिणेला, बिक्सबी ओढ्याच्या मुखाशी, समुद्रात पाणमांजरांचा एक मोठा थवा तरंगताना दिसला. लोक ती संपली असेच धरून चालले होते. कड्यांच्या आड, रस्ता नसलेल्या त्या किनाऱ्यावर, मूठभर कुठेतरी तगून राहिली होती. त्यांची पिल्ले वाढत उत्तरेला सरकली आणि पुन्हा या खाडीत आली. आता ती समुद्री वनस्पतींच्या लांब पट्ट्यांत अंग गुंडाळून, पाठीवर उताणी पडून, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडीत बसतात. तो ठकठक आवाज वाटेवरून ऐकू येतो. राज्यात ॲबलोनी पकडण्याचा धंदा १९९७ पासून बंद आहे, आणि कोदानीचा कारखाना उभा होता त्या टोकावर आता सहलीला आलेली माणसे भाकरतुकडा खाताना खाली पाण्याकडे बघत असतात.